उभ्या गाडीचं चालू इंजिन

पांढरीपांडे काकांना उभ्या गाडीचं चालू इंजिन सहन होत नाही. गाडी कोणाची, हा प्रश्न त्यांना पडतच नाही. आमच्या शहरातल्या कमानिया गेटपाशी रस्ता तुंबला की ते शेजारच्या स्कूटरवाल्याची चावी सरळ हात घालून फिरवतात आणि म्हणतात, "भैया, नाती-पोतों की हवा है, जरा संभाल के." समोरचा भांडायला तोंड उघडतो. पण कडक इस्त्रीच्या सदऱ्यातला म्हातारा हात जोडून उभा दिसला की तोही अर्धवट हात जोडतो.

काका आमचे शेजारी. उमेदीची वर्षं गेली गाड्यांच्या कारखान्यात. नव्या ट्रकचं इंजिन तासन्‌तास चालू ठेवायचं आणि कान देऊन ऐकायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर मात्र वेगळंच काहीतरी ऐकू यायला लागलं असावं.

"एवढा धूर सोडला ना मी," ते म्हणतात, "तुला वाटते, उडून गेला? वरच बसून आहे. आपण मरून जाऊ, तो थोडीच मरते! जे आत्ता जन्मले पण नाही, त्यांना तापवत बसते."

एकदा एका लग्नाला आम्ही प्रवासी जीपने मझौली गावाला निघालो. जीपवाला इंजिन घुरघुरत ठेवून चहाला गेला. काकांनी चावी काढून खिशात टाकली. तो धावत आला.

"चाचाजी, चाबी!"

"सवारी भर गई?"

"अभी कहां!"

"तो क्यों जला रहे हो?"

जुंपली. शेवटी काका स्वतःच रस्त्यावर उभे राहून "मझौली! मझौली!" ओरडायला लागले आणि जीप भरून दिली. तिथे पोचल्यावर त्यांनी वरातीचा जनरेटर बंद केला. दिवे गेले, बॅन्डवाले बेसूर झाले, घोडा बिचकला आणि नवरदेव त्याच्या मानेला मिठी मारून बसला. काकूंनी काकांना हाताला धरून मांडवात नेलं आणि जेवण होईपर्यंत उठू दिलं नाही.

नातवंडांचा एवढा धोशा, म्हणून मी धरूनच चालले होते की पुण्याला त्यांच्या लेकीकडे, पूजाकडे, एखादा नातू असणार.

गेल्या उन्हाळ्यात माझी मुलगी बाळंतपणाला घरी आली. नात झाली. बारशाच्या दिवशी भर दुपारी लाइट गेली. भिंती आतून भाजत होत्या आणि बाळ रडून लाल झालं होतं. काका विणलेला हातपंखा घरून घेऊन आले, बाळाला मांडीवर घेतलं आणि हळूहळू वारा घालायला लागले. बायकांची पाळण्याची गाणी खोळंबली होती. बोलायचं म्हणून मी विचारलं, "काका, तुमचा नातू केवढा झाला आता?"

"नाही आहे."

पंखा थांबला नाही.

"पूजा म्हणते, बाबा, आत्ताच एवढं तापून राहिलं, पुढं काय होईल? अशात बाळ काहून आणू? मी काय बोलू तिला? खोटं थोडीच बोलते पोरगी. म्हटलं, ठीक आहे बेटा, तुझी मर्जी." पंखा दुसऱ्या हातात घेऊन म्हणाले, "फोन ठेवला आणि तुझ्या काकूला सांगायला मला तीन-चार दिवस लागले."

बाळाचं रडणं हुंदक्यांवर आलं, मग तेही थांबलं.

तेवढ्यात लाइट आली. सगळ्यांनी "आली, आली" केलं, वरचा पंखा फिरायला लागला. माझी मुलगी हात पुढे करून म्हणाली, "द्या आजोबा, तुमचे हात भरून आले असतील. पाळण्यात ठेवते."

"राहू दे जरा," काका म्हणाले. "जागी आहे अजून."

बाळ केव्हाचंच झोपलं होतं.