सावंतकाका आणि भाडोत्री शिपाई

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात नवरदेवाने पुऱ्या आणि वाटीभर श्रीखंड चार मिनिटांत संपवलं, तेव्हा शेजारचे सावंतकाका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी, मुलाची चौकशी नीट केलीत ना? मला हा भाडोत्री शिपाई वाटतो."

मुलगा बँकेत आहे. पण काकांना सांगून काय उपयोग! घोडपदेवच्या आमच्या चाळीत गपचूप आणि भराभर जेवणारा कोणीही त्यांच्या संशयातून सुटत नाही. मंडळाचा नवा सेक्रेटरी तर अजून त्यांच्या नजरेखाली आहे.

काका आफ्रिकेत एका तेल कंपनीच्या कॅम्पात आचारी होते. गोरे साहेब गेले, झेंडा बदलला, असा तो देश. तेल अमाप, आणि राष्ट्राध्यक्षाच्या पाहुण्यारावळ्यांची भूक त्याहून अमाप. एक दिवस कॅम्पात साठ परदेशी इंजिनियर उतरले. काकांनी पहिल्याच दुपारी ओळखलं, हे भाडोत्री शिपाई. "इंजिनियर माणूस जेवताना साहेबाला शिव्या घालतो हो. हे खाली मान घालून जेवायचे नि एकदम उठायचे." मॅनेजरला सांगितलं, तर त्याने काकांनाच झापलं, "तू तुझ्या डाळीकडे लक्ष दे."

आठवड्याभरात त्या साठ जणांनी रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं. त्यांना आणलं होतं अध्यक्षाच्याच चुलत भावाने, खुर्ची हवी म्हणून. घोषणा करायला बसले, तर वीज गेली. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. मंत्र्याने ते आधीच विकून खाल्लं होतं. "तेलाच्या देशात डिझेल नाही!" इथे काका इतके हसतात की पुढचं सांगायला त्यांना पाणी द्यावं लागतं. बंड संध्याकाळपर्यंत आटोपलं.

पुढचं मात्र हळू आवाजात सांगतात. सैन्य दिसेल त्या परदेशी माणसाला उचलू लागलं. काकांच्या हाताखालचा तिथला स्वयंपाकी ऑगस्टिन, त्याने काकांना अकरा दिवस आपल्या घरात लपवलं आणि मग बोटीवर बसवून दिलं. सापडले असते तर बायकापोरांसकट त्याचं अख्खं घर गेलं असतं. "सख्ख्या भावाने केलं नसतं," काका म्हणतात. त्यांनी लग्न केलं नाही. दर रविवारी ऑगस्टिनला फोन मात्र चुकत नाही.

गेल्या महिन्यात टीव्हीवर बातमी आली. त्याच देशात पुन्हा उठाव, राजधानीत गोळीबार. ऑगस्टिनचा फोन लागेना. काका गॅलरीत मोबाइल घेऊन बसले ते उठेचनात. मी पेज नेली, बांगड्याचं कालवण नेलं. दोन दिवस ताट तसंच परत. शेवटी मी रागावलेच, "तुम्ही उपाशी राहिलात म्हणून तिकडच्या गोळ्या थांबणार आहेत का?"

"नाही हो वहिनी. पण घास उतरत नाही."

मग मीही तिथेच बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. बटण मीच दाबलं, स्पीकर लावला. मला वाटलं, आता इंग्रजी येणार. पलीकडून दमलेला, खरखरीत आवाज आला, आणि तोही चक्क काकांकडून शिकलेल्या मालवणीत, "माका कायएक झाला नाय. पोरां पण बरी आसत. तू जेवलंस मा?"

काका हमसून हमसून रडले. "नाय रे मेल्या," कसंबसं म्हणाले, "आता जेवतंय."

मी कालवण गरम करायला धावले.