शेपटीतला राम

कळंबे काकाजी लाकूड कापताना श्वास रोखतात. याला माझी हरकत नाही, ज्याचा त्याचा श्वास. पण ते समोर बसलेल्यालाही रोखायला लावतात, आणि समोर बहुधा मी असतो. "मास्तर, वळण आलं. धरजा," असं त्यांनी म्हटलं की पातं वळण पार करेपर्यंत मी मुकाट्याने बसायचं. एकदा ऐन वळणावर दूधवाला दारात आला. काकाजींनी नुसतं बोट वर केलं. तो बिचारा कॅन हातात धरून, गाल फुगवून उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो आधी आत डोकावून पाहतो आणि मगच 'दूध' म्हणतो.

काकाजी पांढुर्ण्याच्या बिजली ऑफिसातून रिटायर झाले, पण टेस्टर अजून शर्टाच्या खिशात असतो. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. त्यामुळे त्यांच्या घरात भांडं पडलं तरी मला कळतं, आणि ते का पडलं हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. शाळेत मुलांना मी 'नसत्या चौकशा करू नका' असं शिकवतो. घरी आल्यावर चहाचा कप घेऊन थेट काकाजींच्या पडवीत जातो.

या पडवीत मारुती तयार होत होता. साधासुधा नव्हे. जामसावळीला आहे तसा आडवा, झोपलेला मारुती, आणि तोही सगळा अक्षरांचा. मुकुटात राम, छातीत राम, गदेत राम, आणि शेपटीत तर नुसती रामांची रांगच. सागाच्या एका पातळ फळीतून हे सगळं कोरून काढायचं. प्रत्येक राम शेजारच्या रामाला वरच्या रेघेने किंवा काठाने जेमतेम धरून असतो. बाकी सगळी हवा.

"हे सारे राम सिरीजमंधी हायेत, मास्तर," काकाजी मला समजावत. "एक तुटला का मागची पुरी लाइन बंद."

त्यांना जगातली कुठलीही गोष्ट वायरिंगच्या भाषेतच समजते. जावयाचं आणि त्याच्या भावाचं पटेनासं झालं तेव्हा 'अर्थिंग खराब हाय' एवढंच ते म्हणाले होते.

पातं बसवलं होतं काकूंच्या शिलाई मशीनला. सुई काढून तिच्या जागी केसाएवढं बारीक दातेरी पातं, आणि खाली पायाने चालवायचं तेच जुनं पायडल. अक्षराच्या पोटातला भाग काढायचा तर आधी तिथे भोक पाडायचं, त्यातून पातं ओवायचं, वर-खाली अडकवायचं आणि मग पायडल मारायचं. एका रामात अशी पोटं किती असतात हे मी, मराठी शिकवणारा माणूस, पहिल्यांदा तिथे बसून पाहिलं.

कामाला बसण्याआधी आंघोळ, चपला बाहेर, मशीनला नमस्कार. आतून निघालेले लाकडाचे तुकडेसुद्धा कचऱ्यात जात नसत. रामाच्या पोटातून निघालेला तुकडा झाडूने कसा लोटायचा? ते सगळे तुळशीच्या कुंडीत जात. आता कुंडीत माती कमी आणि साग जास्त आहे, पण तुळस झकास आहे.

हा खटाटोप नवसाचा होता. काकूंना लकवा झाला, उजवी बाजू गेली, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून काकाजी बोलून गेले होते: ही चालायला लागली की माझ्या हाताने कोरलेला, एका फळीचा, अखंड मारुती जामसावळीला आणून वाहीन. काकू चालायला लागल्या. हात तेवढा थरथरतच राहिला. आणि काकाजींनी नवसाला आपल्या मनाने एक कलम जोडलं. मारुती पुरा होईपर्यंत दोघांनीही जामसावळीला जायचं नाही. रिकाम्या हातानं देवापुढे कसं उभं राहायचं?

काकू दर शनिवारी सौसरची बस पकडून जामसावळीला जाणाऱ्या. त्यांचं माहेर तिकडचं, रामाकोन्याचं. शनिवार म्हणजे देवही आणि मधल्या वाटेत एखादी मैत्रीणही. ते सगळं बंद पडलं.

"नवस बोलले हे, अन् अडकून पडली मी," त्या मला सांगत. "माही मशीन खाल्ली ती खाल्ली, माहा शनवारही खाल्ला."

"होऊन राहिलं ना आता," आतून काकाजी म्हणत.

"दिवाळीतही होऊनच राहिलं होतं."

कारण फळ्या तुटत होत्या. एक गदेत गेली. एक छातीपर्यंत सुरेख उतरली आणि शेपटीत गेली. त्यानंतरची पुन्हा शेपटीतच. मला तर त्या शेपटीचा रागच येऊ लागला होता. मी एकदा भीत भीत सुचवलं, "काकाजी, एवढासा तुकडा आहे, चिकटवून टाका ना."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तारेवर आकडा टाकून वीज चोरायला सांगितलं. "मास्तर, खंडित मूर्ती तुमी देव्हाऱ्यात ठेवता का?"

"नाही."

"मंग?"

मग विसर्जन. तुटलेला मारुती लाल कापडात गुंडाळून, माझ्या स्कूटरवर मागे बसून, ते जाम नदीवर न्यायचे. मांडीवर आडवं लाल गाठोडं आणि चेहरा असा की वाटेत लोक गाडी थांबवून हळूच विचारायचे, "कोण गेलं?" काकाजी म्हणायचे, "शेपूट गेलं." लोक आणखीच गोंधळात पडत.

आणि एका शुक्रवारी मारुती झाला. सगळे राम जागच्या जागी. काकाजींनी तो खिडकीपाशी धरला तेव्हा ऊन अक्षरांतून झिरपून भिंतीवर पडलं आणि आम्ही दोघं भिंतच पाहत राहिलो. उद्याच जायचं ठरलं. काकूंनी हिरवं लुगडं काढून ठेवलं. काकाजी म्हणाले, मारुती गुंडाळायला मी बाजारातून नवं कापड आणतो. मी शाळेत गेलो.

दुपारी परत आलो तो पुन्हा एकदा मारुती पाहावा म्हणून सरळ तिकडेच वळलो. काकू पडवीत खाली बसल्या होत्या, फळी मांडीवर. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. मला पाहून त्यांनी ती उघडली. तळहातावर शेपटीच्या टोकाचा राम होता.

"भुसा राहिला होता थोडासा," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पदरानं पुसून घेऊ. हात थरथरला, सर. बोट अडकलं." मग म्हणाल्या, "माह्यासाठीच नवस होता. अन् याच हातानं तोडला. देवालेच मी नको हाय तिथं."

तेवढ्यात फाटक वाजलं. कापडाची पिशवी घेऊन काकाजी आले. त्यांनी फळी पाहिली, काकूंचा तळहात पाहिला, चष्मा लावून पुन्हा तळहात पाहिला. आता आकाश कोसळणार म्हणून मी एक पाऊल मागे सरकलो.

"हा निंगाला वाटते," काकाजी म्हणाले. "मले वाटलंच होतं. सकाळीच सुटला होता माह्या हातानं. म्या नुसता टेकवून ठेवला होता."

काकूंनी मान वर केली. "खरंच?"

"मंग काय खोटं? मास्तरले विचार. मास्तर होते ना तवा."

सकाळी मी पाहिला तेव्हा सगळे राम धडधाकट होते. "हो," मी म्हणालो. "माझ्यासमोरच सुटला."

काकूंचा चेहरा आधी मोकळा झाला आणि मग तापला. "मंग सांगता नाई आलं? माहा जीव चालला होता इथं. एवढी मोठी बाई मी, अन् रडत बसली." त्या बराच वेळ बोलत होत्या. मशीन, शनिवार, दिवाळी, सगळं निघालं. काकाजी मान खाली घालून ऐकत होते, आणि मी त्यांना इतकं समाधानाने बोलणी खाताना कधी पाहिलं नव्हतं.

"अन् आता?" शेवटी काकूंनी विचारलं. "परत नदीवर?"

"नाई. फेविकॉल लावतो. चालते तेवढं."

"देवाले चालते?"

"चालते," काकाजी म्हणाले, आणि फेविकॉल आणायला आत गेले. त्यांच्या घरात फेविकॉल कधीच नव्हता, हे मला माहीत होतं. आतल्या दारातून त्यांनी मला डोळ्याने खुणावलं. मी मागच्या बाजूने आमच्या घरी गेलो आणि मुलीच्या दप्तरातली बाटली आणून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी राम बसवला आणि अंगठ्याने दाबून धरला. वाळल्यानंतरही बराच वेळ ते धरूनच बसले होते.

शनिवारी मी दोघांना भाड्याच्या गाडीतून नेलं. काकू सौसर येईपर्यंत बोलत होत्या, संत्र्याच्या बगीच्यांवर, सुनेवर, मधल्या स्टॉपवरच्या एका मैत्रिणीवर. देवळात बायकांची रांग वेगळी होती, तिथे त्या हिरव्या लुगड्यात झपाझप पुढे निघून गेल्या. थरथरता हात त्यांनी लांबूनच कपाळाला लावला.

पुजाऱ्यांनी आमची फळी घेऊन मूर्तीपाशी ठेवली. काकाजींनी डोकं टेकलं. मी त्यांच्या मागेच होतो, आणि स्वभावाप्रमाणे कान पुढे केला. वरच्या साहेबाला लाइनमधला फॉल्ट सांगावा तसं ते हळू आवाजात म्हणत होते, "बाप्पा, शेपटीत एक जोड हाय. तुले तं दिसलाच असन. जे काही असन ते माह्या नावावर धर. तिले कळू देऊ नको."

ते बाजूला झाले. माझी पाळी आली. घरून निघताना मी बरंच काही मागायचं ठरवलं होतं, बदलीचं, मुलीच्या परीक्षेचं. त्यातलं एकही आठवलं नाही. हात जोडून मी एवढंच म्हणालो, "यांचं ऐक."