इंजिनाचा सव्वा महिना

नवी मोटरसायकल घेतली की माणूस ती चालवतो. मी तिची शुश्रूषा करायचं ठरवलं.

दोष सुशांतचा. पाडव्याच्या सकाळी गाडी नायगावात आमच्या दाराशी आली, हार घातला, आणि खालच्या मजल्यावरच्या या गृहस्थाने पेढा तोंडात टाकतानाच बजावलं, "हेरंब, पहिले पाचशे किलोमीटर इंजिन जपायचं. चाळीसच्या वर जायचं नाय, एकाच स्पीडला चालवायचं नाय, आणि डबलसीट तर बिलकुल नाय. नातवंडं चालवतील बघ!" (सुशांतकडे साधी सायकलही नाही, हे मला नंतर आठवलं.)

इकडे माझी बायको वैदेही नऊवारी नेसून, नथ घालून, हातात श्रीखंडाचा डबा घेऊन तयार. नवऱ्याच्या नव्या गाडीवर मागे बसून माटुंग्याला माहेरी जायचं, आणि आई गॅलरीत उभी असताना उतरायचं, एवढं एकच स्वप्न तिने लग्नापासून शिल्लक ठेवलं होतं. बाकीची मी वेळोवेळी मोडली होती. (कॉलेजात असताना ती गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारीतच मोटरसायकल चालवायची. हे मी सहसा कुणाला सांगत नाही.)

"अगं, सध्या डबलसीट नको. लोड येतो."

"लोड?"

"म्हणजे... बाळंतिणीचा कसा सव्वा महिना असतो, तसं समज. इंजिनाला आराम हवा."

"माझ्या सव्वा महिन्यात तुम्ही मला कुकर लावायला उठवलं होतंत."

शेवटी ठरलं (म्हणजे मी ठरवलं), तिने बसने जायचं आणि मी गाडी घेऊन बाजूबाजूने. ती खिडकीत बसली आणि माझ्याकडे न बघण्याचं काम तिने मनापासून सुरू केलं.

आता एकाच स्पीडला चालवायचं नाही! म्हणून मी बसच्या पुढे जायचो, मग हळू व्हायचो, तिची खिडकी आली की हात करायचो, पुन्हा पुढे. मला वाटलं, बायकोला किती जपतोय मी. बसमधल्या बायकांना तसं वाटलं नाही.

सिग्नलला बस थांबली. शेजारच्या मावशींनी रस्ताभर ऐकू जाईल असं विचारलं, "काय गो ताई, हा बाईकवाला मघापासून तुझ्या मागे आहे. ओळखीचा आहे काय?"

वैदेहीने मला नीट न्याहाळलं.

"नाही हो."

मावशींनी खिडकीतूनच हाक मारली आणि मिनिटभरात माझी चावी ट्रॅफिक हवालदाराच्या हातात होती.

"साहेब, बायको आहे माझी!"

"सगळे तेच बोलतात. बायको आहे तर बसमध्ये कशी?"

"इंजिनवर लोड येतो म्हणून."

हे ऐकून मावशी छत्री घेऊन खाली उतरल्या.

त्यांच्या मागून वैदेही सावकाश उतरली. "आमचेच आहेत," ती हवालदाराला म्हणाली. "नाइलाज आहे." चावी तिने घेतली, माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढून नथ सांभाळत स्वतः घातलं आणि श्रीखंडाचा डबा माझ्या हातात दिला. "डबलसीट चालत नाही ना? मग तुम्ही बसने या."

बस निघाली. मावशींच्या देखरेखीखाली मी दांडा धरून उभा. तेवढ्यात बाजूने माझी नवी गाडी गेली. पदर खोचून वैदेहीने एक्सलेटर असा काही पिळला होता की इंजिनाआधी माझीच छाती फुटायची वेळ आली. खिडकीतून हात काढून मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "चाळीस! चाळीस!"

कंडक्टरने मागून खांद्यावर टकटक केलं.

"ओरडताय काय? माटुंग्याला चाळीस कुठे, दहाच होतात. सुट्टे द्या."