शंभरावं कार्ड आणि परेशचा पत्ता

जगाच्या पाठीवरच्या कुठल्याही माणसाचा पत्ता मी शोधून काढतो! नुसता त्याचा कॉलसाइन द्या. कॉलसाइन म्हणजे आम्हा हॅम रेडिओवाल्यांना सरकारनं लावलेली नंबरप्लेट. फिनलंडच्या एका आजोबांचा पत्ता काढलाय मी, चिलीतल्या एका पाद्र्याचाही. आमच्यात रीत अशी, की रेडिओवर बोलणं झालं की एकमेकांना पोस्टानं कार्ड पाठवायचं. हो बाबा, आपण बोललो, असं. कार्ड हातात पडेपर्यंत ते बोलणं झालंच नाही असं धरतात. खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर तारा टांगून मी नव्व्याण्णव कार्डं जमवली होती. शंभर झाली की क्लबचं मानपत्र. क्लबातला केतन एकाच कार्डानं मागे होता, त्यामुळे माझी झोप उडाली होती.

आणि शंभरावं अडलं कुठे? चिलीत नाही, उरणला! परेश कोळी नावाचा मुलगा. हॅमच्या वेबसाइटवर त्याचा पत्ता नुसता 'कोळीवाडा, उरण' एवढाच. मी पाठवलेलं कार्ड 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन परत आलं. माझं पोचलं नाही म्हणून त्याचं येत नाही, हे उघड होतं. आमची बायको रंजिता म्हणाली, एवढा जीव चाललाय तर जाऊन विचारून या. काढली स्कूटर.

उरणच्या जेट्टीवर जगनभाऊ नावाचे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांना परेशचं घर विचारलं. आता अर्धवट काम मला जमत नाही. भाडेकरू आज इथे, उद्या तिथे, आणि कार्ड बोंबलत फिरतं. म्हणून विचारून घेतलं, घर स्वतःचं आहे ना? कायम इथेच राहणार ना? नोकरी कुठे, घरी किती वाजता येतो? जगनभाऊंनी जाळं खाली ठेवून माझं नाव विचारलं. काशिराम कोळी म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. घरी कोण कोण? म्हटलं, बायको आणि मुलगी, दिपिका.

"चला, मीच नेतंय तुमाला," म्हणाले, आणि वाटेत चार जणांना हाका मारून सोबत घेतलं. पत्ता दाखवायला एवढी माणसं कशाला, ते मला कळलं नाही. माणसं प्रेमळ, एवढंच वाटलं.

परेश बंदरात ड्युटीवर होता. त्याच्या आईनं, दमयंतीबाईंनी, चहा दिला, मग तळलेले बोंबील आले. मुलगी काय शिकली, नोकरी करते का, तांदळाची भाकरी जमते का, बाई आपुलकीनं विचारत होत्या. मीही रंगात येऊन दिपिकाचं बालपणापासूनचं सगळं सांगितलं. मग मुद्द्यावर आलो.

"परेशला मी रेडिओवर ऐकलंय. मुलगा एकदम स्वच्छ. त्याच्याकडून पक्कं झालं की मी सुटलो. घाई एवढ्यासाठीच, की केतन टपून बसलाय."

"केतन कोन?" बाईंनी विचारलं.

"आहे एक आमच्यातलाच. पण त्याला मी जिंकू देणार नाही."

बाई गंभीर झाल्या. निघताना त्यांनी माझा पत्ता मागितला. मी ऐटीत म्हणालो, परेशला विचारा, माझा पत्ता सगळ्या जगाला माहीत आहे. घरी येताना पोस्टात थांबून परेशला पूर्ण पत्त्यावर नवं कार्ड टाकलं आणि निवांत झोपलो.

रविवारी दुपारी दारात टेम्पो थांबला. आतून दमयंतीबाई, जगनभाऊ, परेश आणि अर्धा कोळीवाडा उतरला. सोबत नारळ, साडी आणि पापलेटची टोपली. दिपिका केसांना तेल थापून टीव्ही बघत बसली होती.

"पोरगी बघाला आलोय," दमयंतीबाई म्हणाल्या. "त्या केतनचा काय झाला?"

रंजितानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला चिलीला जावंसं वाटलं. दिपिकानं आतल्या खोलीचं दार आपटून घेतलं आणि दाराआडून, बापानं न विचारता स्थळ ठरवलं म्हणून, मला जे सुनावलं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. मी कार्ड, कार्ड एवढंच बोलत होतो. परेशला तेवढ्यात उलगडा झाला आणि तो हसत सुटला. "आई, यांना फक्त माझं कार्ड पाहिजे! ते तर मी मागच्या महिन्यातच टाकलंय."

"मग हा घ्या," म्हणत बाईंनी पिशवीतून टपालाचा गठ्ठा काढला. परेशनं वेबसाइटवर माझा पत्ता बघितला होता, आणि तो निघाला करंजाडेचा. सगळी वरात आधी तिकडे गेली. ती भाड्याची जागा आम्ही कधीच सोडली होती, पण वेबसाइटवरचा पत्ता बदलायचा माझा राहिला होता! जुन्या घरमालकीण कमळाबाईंनी साठलेलं टपाल आणि आमचा नवा पत्ता, दोन्ही त्यांच्या हवाली केलं. बरेच जण कार्डं क्लबकडे एकगठ्ठा पाठवतात, ती मला क्लबात मिळत होती. थेट पाठवणाऱ्यांची सगळी या गठ्ठ्यात. परेशचं तर होतंच, पण माझी शंभरी कधीच भरली होती!

मी कार्डं मोजत बसलो. तेवढ्यात दिपिका बाहेर आली. केस धुतलेले, नवा ड्रेस, हातात पाण्याचे ग्लास. परेशकडे तिचं लक्ष नव्हतं, असं ती आईला अजूनही सांगते. दमयंतीबाईंनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि सुस्कारा टाकला.

"पोरगी लाखात एक हाय. पन ज्याला सवताचा पत्ता सांगता येत नाय, तो व्याही आमाला नको."

नारळ, साडी, परेश, सगळं टेम्पोत परत चढलं. पापलेटसुद्धा.

मानपत्र आता भिंतीवर लागलंय. दिपिका मात्र माझ्याशी बोलत नाही. आधी स्थळ आणलं म्हणून, आणि आता घालवलं म्हणून.