रिकाम्या खलाचा कज्जा

ऐकणाऱ्या कानांस आधी वंदन, आणि ऐकून गप्प राहणाऱ्या ओठांस त्याहून मोठे वंदन. शालिवाहन शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात, ज्याचे नाव येथे लिहिले नाही, आरोग्यदफ्तराचा कज्जा जाहला. त्याची हकिकत ऐशी जे, राज्याचे महाराज मनाचे कोवळे होते, आणि त्यांचा आवडता सारथी परमुलखी तापाने पडला, आणि तेथील वैद्याने त्यास न सोसणारे औषध दिले, कारण काय सोसते आणि काय सोसत नाही हे सांगणारे जवळ कोणी नव्हते, आणि सारथी बेशुद्धीतच निवर्तला. महाराज दोन दिवस जेवले नाहीत. मग आज्ञा केली जे, "राज्यातील प्रत्येकाचे दुखणे, मागचे आणि पुढचे, विजेच्या दफ्तरात नोंदावे, म्हणजे माणूस कोठेही पडला तरी तेथील वैद्यास त्याची प्रकृती कळेल." हुकूम चांगल्या मनाने निघाला यात संशय नाही. परंतु महालातून पेठेपर्यंत येता येता वाटेतील प्रत्येक कचेरीने त्यास आपली एकेक शेपटी जोडली. एकीने म्हटले, जो नोंद करणार नाही त्यास औषध मिळू नये. दुसरीने म्हटले, चाकरीस ठेवणाऱ्या धन्यासही नोंद पाहू द्यावी. तिसरीने म्हटले, शाळा चालविणाऱ्या मंडळासही. आणि हुकूम पेठेत पोचला तेव्हा काचेच्या पाटीवर बोट ठेविले की कोणाचे कोठे दुखते ते भलत्यासही दिसावे, ऐशी अवस्था जाहली.

त्या पेठेत भानजी पंतोजी म्हणून होते. मुलांस अक्षर आणि हिशेब शिकवीत, आणि मूल चुकले तर छडी न उगारता "पुन्हा बघू बरे" इतकेच म्हणत, आणि मूल पुन्हा बघे. त्यांची पत्नी गोजराबाई पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेले, आणि त्यानंतर एक हिवाळाभर भानजींचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. पहाटे नदीवर जाऊन ते गोजराबाईंशी बोलत, आणि ओळखीच्या माणसास "आपण कोण?" म्हणून पुसत. त्यांस परत आणिले ते मैनाक्का वैद्यिणीने. त्यास आता बारा वर्षे होऊन गेली. भानजी बरे जाहले, शाळा भरू लागली, आणि महिन्यातून एकदा जाऊन अक्कांजवळ थोडे बोलावे आणि झोपेची एक पुडी आणावी, इतकेच उरले. पेठेत लोक समजत की पंतोजींस पित्ताचा त्रास आहे.

हे झाकून कसे राहिले, तर मैनाक्कांच्या घरच्या रीतीमुळे. घर एका खोलीचे, भिंत कुडाची, बाहेर ओसरीवर दहा रोगी बसलेले, आत कोणी खाकरले तरी बाहेर कळावे. म्हणून आतला रोगी बोलू लागला की अक्का लोखंडी खल पुढ्यात ओढीत आणि रिकाम्या खलात बत्ता चालवीत. ठण ठण आवाज सुरू जाहला की ओसरीवरील मंडळी दाराकडून तोंड फिरवीत आणि मोठमोठ्याने वांग्याचे, पावट्याचे, जावयाचे बोलू लागत. हे कोणी कोणास शिकविले नव्हते. पेठेतील लहान पोरासही ठाऊक होते की खल वाजतो तेव्हा दाराकडे बघू नये.

मग राजधानीहून चिमणाजी कारकून काचेची पाटी घेऊन ओसरीवर येऊन बसला. माणूस वाईट नव्हता, नेटका होता. जुन्या नोंदी घालू लागला, आणि पहिल्याच महिन्यात एका रंगारणीची लहानपणची खरूज पाटीवर चढली, आणि तिच्याकडे लुगडी रंगवायला देणे बायकांनी सोडले. खरूज बरी होऊन तिला नातवंडे झाली होती. हे पाहून भानजी अक्कांकडे धावले. ते अक्कांस म्हणाले, "अक्का, माझे?" अक्का म्हणाल्या, "तुमचे मी विसरले." भानजी म्हणाले, "तुम्ही? तुम्हाला लोकांच्या आजोबांचे खोकले पाठ आहेत. कोणास पटेल?" अक्का म्हणाल्या, "म्हातारी झाले मी. म्हातारपणाचा काही तरी उपयोग होऊ द्या की."

परंतु चिमणाजीने भलतेच काही धरले. खल वाजला की औषध कुटले, असे तो समजला, कारण राजधानीत खल त्याचसाठी वाजतो. म्हणून प्रत्येक वेळी त्याने पाटीवर लिहिले, खल वाजला. आणि महिनाअखेरीस बरण्या तपासल्या तर चूर्ण काहीच वाढलेले नाही. मग त्याने वर कळविले जे, वैद्यीण सरकारी जिन्नस कुटून परस्पर विकते. आणि देशाधिकारी तुळाजीराव चौकशीस आले. पेठेत मोठे अंगण शाळेचेच, म्हणून सभा तेथे भरली. मुले पाट्या घेऊन एका बाजूस बसली, मंडळाचे मुख्य हरबाशेट गूळवाले पुढच्या बाकावर, आणि सगळी पेठ मागे उभी राहिली.

तुळाजीराव बोलिले, "बाई, दिवसभर खल वाजतो आणि बरणीत चिमूटभर चूर्ण नाही. जाते कोठे?" अक्का म्हणाल्या, "साहेब, खलात औषध नसतेच." "मग कुटता काय?" "आवाज." मागे हशा पिकला. तुळाजीरावांच्या कपाळास आठी पडली. "आवाज कुटून कोणाचे दुखणे बरे होते?" "पुष्कळांचे होते. कोणाचे ते विचारू नका, मी सांगायची नाही." "सांगणार नसाल तर चोरीचा आळ खरा मानावा लागेल, आणि वैद्यकीचा परवाना आजच ठेवून घ्यावा लागेल." अक्कांनी पदराच्या गाठीतून परवान्याचा बिल्ला काढून मेजावर ठेविला, आणि "घ्या," इतकेच म्हणाल्या.

मग तुळाजीरावांनी चिमणाजीस वाचावयास सांगितले, आणि त्याने वाचले, "पंतोजी आले. खल पुष्कळ वेळ वाजला. औषध, पित्ताचे नव्हे, एक पुडी." आणि सगळ्यांच्या माना भानजींकडे वळल्या. भानजींनी पाहिले, मेजावर बिल्ला पडला आहे. आपण गप्प राहिलो तर अक्कांचे दार बंद होते, आणि बोललो तर आपली शाळा बंद होते, कारण ज्याचे चित्त एकदा गेले होते त्याच्या हाती हरबाशेट पोरे कशी देतील? त्यांनी मुलांकडे पाहिले. त्या पाहण्यात निरोप घेण्याचा भाव होता. मग ते उठले आणि म्हणाले, "साहेब, अक्कांनी चोरी केली नाही. तो खल माझ्यासाठी वाजत होता." तुळाजीराव बोलिले, "तुम्हास काय होते?"

भानजींनी ओठ उघडले. सगळ्या पेठेने कान टवकारले. आणि पुढच्या रांगेत बसलेली ठकी नावाची मुलगी, वय आठाच्या आतबाहेर, ती घाबरी जाहली. परवाना, चोरी, दफ्तर, यांतले तिला काही कळले नव्हते. तिला एवढेच कळले की गुरुजी आता आपले दुखणे सांगणार, आणि खल तर कोणी वाजवीत नाही. मग तिने पाटी मांडीवर घेतली आणि पेन्सिलीने ठोकू लागली. टक टक टक. शेजारच्याने ठोकली. मग सगळ्या रांगेने ठोकल्या, आणि अंगण दणाणले. हरबाशेट ओरडले, "ए पोरांनो, गप्प!" ठकी म्हणाली, "अहो शेटजी, गुरुजींना दुखणे सांगायचे आहे. तुम्ही तिकडे तोंड करा ना!"

आणि मग जे जाहले ते सवयीने जाहले. मागे उभ्या असलेल्या सगळ्या पेठेने तोंडे फिरविली. एकीने दुसरीस मोठ्याने विचारिले, "पावटा आला का गं तुमचा?" तिने त्याहून मोठ्याने सांगितले. कोणी हरबाशेटांस पुसले, "गूळ काय भावाने दिलात?" आणि हरबाशेट भाव सांगून मोकळे जाहले, आणि सांगून झाल्यावर त्यांच्या ध्यानी आले की आपणही पाठ फिरविली आहे. मग ते तसेच राहिले. अक्का मेजाजवळून दूर सरल्या आणि चिमणाजी पाटी धरून एकटाच इकडे तिकडे बघत राहिला. त्या गलबल्यात तुळाजीरावांस काही ऐकू येईना, म्हणून त्यांनी कान पुढे केला, आणि भानजींनी गोजराबाईंचे, नदीचे आणि त्या हिवाळ्याचे सारे त्यांच्या कानात सांगितले. ते सांगून जाहले तरी तुळाजीरावांनी मान वर केली नाही. उलट भानजींच्या कानाशी तोंड नेऊन स्वतःच काही बोलू लागले, आणि बराच वेळ बोलत राहिले. ते काय बोलले हे भानजींनी पुढे कधी कोणास सांगितले नाही. पोरांचे हात दुखून आले, परंतु एकानेही ठोकणे थांबविले नाही.

मग तुळाजीरावांनी डोळे पुसून हात वर केला, पाट्या थांबल्या, आणि त्यांनी बिल्ला उचलून अक्कांच्या हाती दिला आणि बोलिले, "चोरी नाही. खल वाजत राहावा." आणि महाराजांस लिहून पाठविले जे, दफ्तर असावे, सारथ्यासारखे पुन्हा कोणी जाऊ नये, परंतु बेशुद्ध माणसास कोणते औषध सोसत नाही तेवढेच वैद्यास दिसावे, आणि बाकीचे ज्याचे त्याने उघडल्यावाचून कोणास दिसू नये. महाराजांस ते पटले, आणि हुकुमाच्या शेपट्या तोडण्याचे काम निघाले. एक तुटली आहे. मंडळाची अजून कचेरीत वाद घालते आहे, आणि रंगारणीकडे निम्मीच लुगडी परत आली आहेत. परंतु भानजींची शाळा चालू आहे. चिमणाजी अद्याप अक्कांच्या ओसरीवर बसतो, आणि आत ठण ठण सुरू जाहले की पाटी पालथी घालतो आणि शेजारच्यास पुसतो, "काय, यंदा पावटा कसा काय?"

इतकी ही हकिकत. सारांश इतकाच जे, सांगणाऱ्याचे सांगून व्हावे आणि दुसऱ्याने तोंड फिरवावे, याने राज्य उणे होत नाही. यातील राज्याचे नाव लिहिले नाही. पंतोजींचे नाव भानजी नाही, वैद्यिणीचे मैनाक्का नाही, आणि त्यांस जे जाहले तेही थोडे बदलून लिहिले आहे. ठकीचे नाव मात्र खरे आहे. तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "घाला की, मला काय होतंय!"