लेले नदीपाशी थांबतात

लेल्यांनी मला फसवलं. सागवानी कपाट विकतो म्हणाले आणि दोन वर्षं रशियाचं युद्ध ऐकवलं.

माझं कल्याणला जुन्या फर्निचरचं दुकान आहे. हातगाडीवर सुरुवात केली, आज दोन गाळे आहेत. मला सहसा कोणी गंडवत नाही. लेले म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागे एकटे राहतात. त्यांच्या आईचं कपाट बघून मी भाव सांगितला. ते म्हणाले, "भोईरशेठ, जरा बाहेर उभे राहून विचार करून या."

मी जिन्यात उभा राहिलो, आत आलो आणि तोच भाव सांगितला. त्यांनी पुन्हा बाहेर काढलं. परत आलो, परत तोच भाव. म्हातारा खूश! "शाबास! आमचे मार्शल अगदी असेच."

मार्शल म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले एक रशियन सेनापती. नाव मला अजून उच्चारता येत नाही. दोन बाजूंनी हल्ला करू, असं त्यांनी सांगितलं, तर वरच्यांनी त्यांना असंच खोलीबाहेर विचार करायला पाठवलं. ते आत येऊन पुन्हा तेच बोलले आणि लढाई जिंकले.

कपाटात सगळी या मार्शलवरचीच पुस्तकं होती. पूर्वी ठाण्यात रशियन पुस्तकांची गाडी यायची, तिच्यातून घेतलेली. "आधी यांची गोष्ट पुरती ऐका, मग कपाट तुमचंच," लेले म्हणाले. सोमवारी माझं दुकान बंद असतं. म्हटलं, ऐकू.

मग दर सोमवारी जेवणाच्या टेबलावर युद्ध. वाट्या म्हणजे रणगाडे, लोणच्याची बरणी म्हणजे जर्मनांचं ठाणं. एकदा भूक लागली म्हणून मी बरणीला हात लावला, तर ओरडले, "शेठ, ते अजून पडलं नाहीये!"

मार्शलनी पोरवयात दगड घडवायचं काम केलं होतं, हे मला आवडलं. कष्टातून वर आलेला माणूस. पुढे त्यांच्याच सरकारने खोट्या आरोपावरून त्यांना तुरुंगात टाकलं, दात पाडले. युद्धाच्या तोंडावर सोडलं, तर हे धातूचे दात बसवून त्याच सरकारसाठी लढायला हजर.

"मी असतो तर आधी दातांचा जाब विचारला असता," मी म्हटलं.

"म्हणून तुम्ही फर्निचर विकता," लेले म्हणाले.

मी घाई केली की त्यांचं वाक्य ठरलेलं : "थांबा, अजून नदी यायचीय." नदी यायची. सैन्य काठावर पोचायचं. पलीकडे मार्शलचं लहानपणचं शहर जळत असायचं, आणि त्या शहरात त्यांची सख्खी बहीण. इथे लेले वाट्या आवरायला घ्यायचे. पुढच्या सोमवारी पुन्हा दगड घडवण्यापासून सुरुवात.

शेवटी माझं डोकं सटकलं. "काका, आता ओलांडा ना ती नदी!"

"वरून हुकूम नव्हता, शेठ."

"अहो, सख्खी बहीण पलीकडे! हुकूम कसला बघताय?"

लेले हातातली वाटी पुसत बसले. मग म्हणाले, "आमची सुमन कळव्याला असते. आई गेल्यावर तिने हे कपाट मागितलं. मी नाही म्हटलं. तेव्हापासून बोलणं नाही."

कळवा! ठाण्याहून खाडीचा पूल ओलांडला की आलं. आणि हा माणूस कपाट तिला देत नव्हता, मला विकत नव्हता, नुसता काठावर बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो घेऊन गेलो. पुस्तकं पलंगावर रचली, कपाट चढवलं, लेल्यांना ड्रायव्हरशेजारी बसवलं. पुलाच्या तोंडाशी ते म्हणाले, "गाडी जरा बाजूला घ्या. खाली उतरून विचार करतो."

"बाहेर उभं राहायचं नाही, काका!" मी ओरडलो.

सुमनताईंनी दार उघडलं. कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही. "दादा, किती वाळलायस रे," म्हणाल्या. लेले कपाटाचं दार धरून उभे. "डावी बिजागरी कुरकुरते," म्हणाले, "तेल घालत जा." मी खाली आलो.

पुढच्या सोमवारी खोपटला गेलो तर दाराला कुलूप. त्याच्या पुढच्या सोमवारीही. शेजारीण म्हणाली, "लेलेकाका हल्ली कळव्याला जेवतात."

जेवू देत. कपाट गेलं, ते मीच पोचवलं. पण त्या मार्शलला बहीण जिवंत सापडली की नाही? दोन वर्षं सगळे सोमवार घेतले आणि मला काठावर सोडून हे एकटेच पलीकडे गेले. आता लेल्यांनी खोपटला यावं, वाट्या मांडाव्यात आणि मला समोर बसवून याचं उत्तर द्यावं.