कपडे न घालणाऱ्या जंगलातला शिवणवर्ग

एका जंगलात कुणीच कपडे घालत नव्हतं. हसू नका रे! त्यात दात काढण्यासारखं काय आहे? तुम्हीसुद्धा अंघोळ झाली की आईच्या हातातून निसटून तसेच घरभर पळता. तिथं लहानमोठे सगळेच तसे होते, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

तर त्या जंगलात पाणवठ्याच्या काठी अर्जुनाचं एक उंच झाड होतं. झाडाच्या शेंड्यावर एक वानर बसायचा. बिबट्या दिसला की त्यानं ‘खॅक्, खॅक्’ ओरडायचं आणि खाली पाणी पिणाऱ्यांनी पळायचं. याला टेहळणी म्हणतात. ही नोकरी दाजीबा वानराकडे होती. त्याच्या आधी ती त्याच्या बापाकडे होती.

दाजीबा माणूस चांगला. म्हणजे, वानर चांगला. पण त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि पोटात चार उंबरं गेली की त्याला डुलकी लागायची. गेल्या उन्हाळ्यात सखू हरिणीचं पाडस बिबट्यानं उचलून नेलं, तेव्हा दाजीबा म्हणाला, “मला वाटलं, पाहुणे आलेत.”

बिबट्या खरं तर एकीला दिसला होता. हौसा तिचं नाव. तरणी वानरी. तिची नजर अशी, की समोरच्या डोंगरावर कोण कुणाच्या उवा काढतंय ते ती इथून सांगायची. पण वानरींनी मोठ्यानं ओरडायचं नाही, अशी तिथली रीत होती. म्हणून ती खालच्या फांदीवरून हळूच म्हणाली, “अहो दाजीकाका, बिबट्या!” दाजीकाका “आँ?” म्हणेपर्यंत पाडस गेलं होतं. सखू पुढे कितीतरी दिवस पाण्यावर आली नाही. हौसाला तर अन्न गोड लागेना.

शेवटी ती आबासाहेबांकडे गेली. आबासाहेब म्हणजे गवा. जंगलाचे प्रमुख. एवढं थोरलं धूड, पण डोळे सदा पाणावलेले.

“आबा, मला टेहळणी शिकवा,” हौसा म्हणाली. “पाणवठ्यावर मी बसते.”

आबांना भरून आलं. “शाब्बास पोरी! मुली शिकल्याच पाहिजेत, हे मी किती वर्षं ओरडून सांगतोय!”

हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. पण गव्याशी वाद कोण घालणार? तुम्ही घालाल? मग गप्प बसा.

आबांनी मादी-उन्नती योजना जाहीर केली. योजनेवर प्रमुख कोण? तर मयूरराव मोर. का? तर त्यांना स्टेजवर उभं राहायची सवय होती. लगोलग शहरातून शिलाईची मशिनं आली. कशी आली ते विचारू नका, योजनेत मशिनं येतातच. वडाखाली मांडव पडला. उद्घाटनाला आबांनी फीत कापली. खरं म्हणजे खाल्ली.

“या वर्गातून आमच्या भगिनी स्वतःच्या पायांवर उभ्या राहतील!” मयूरराव म्हणाले.

“आम्ही तर जन्मल्यावर घटकाभरात उभ्या राहतो,” सखू शेजारणीला म्हणाली. पण टाळ्या पडल्या, त्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

हौसानं हात वर केला. “मी टेहळणी म्हणाले होते हो. हे शिवण आहे.”

“हौसाताई,” मयूरराव म्हणाले, “टेहळणीला काय लागतं? नजर! आणि सुईत दोरा ओवल्याशिवाय नजर तयार होते का? ही पहिली पायरी.”

पोर बिचारी शिवणाला बसली. पहिली पायरी झाली. दुसरी पायरी फॉल-पिकोची निघाली. तीही झाली. मग तिनं विचारलं, “आता झाड?”

“आता रुखवत,” मयूरराव म्हणाले.

शिंपल्यांची तुळस, लोकरीचं घुबड, काय काय केलं तिनं! शेपटीवर पाय पडावा तशी आतून चिडत केलं, पण केलं. साळू साळिंदरीला तर वेगळी सुई घ्यावीच लागली नाही. अंगावरची उपसायची आणि शिवायचं. मुली हुशार हो. बघता बघता परकरांचा डोंगर झाला. सगळं कापड एकाच गठ्ठ्यातलं होतं, पिवळं, आणि त्यावर काळे ठिपके.

आता हे परकर घ्यायचे कुणी? मी आधीच सांगितलं ना, त्या जंगलात कुणी कपडे घालत नव्हतं. हे मयूररावांच्या लक्षात आत्ता आलं.

सभा भरली. आबा म्हणाले, “आपल्या मुलींच्या हाताला काम मिळालंय. ते टिकवणं आपलं कर्तव्य आहे. आजपासून जंगलातल्या प्रत्येक मादीनं परकर नेसावा.”

“आणि नरांनी?” साळूनं विचारलं.

“नरांना कामं असतात,” मयूरराव म्हणाले, आणि पिसारा वाळवायला उन्हात जाऊन बसले.

झालं! हरिणींना उडी मारता येईना. ससुल्या बिळात अडकायला लागल्या. हौसा झाडावर चढायची ती बुंध्याशीच बसू लागली. “किती सोज्वळ दिसतात नाही?” असं नर म्हणत. आणि वर दाजीबा होताच, डुलक्या घेत.

एके दुपारी सगळ्या पाण्यावर आल्या. सखूला नवं पाडस झालं होतं, तेही आलं. करवंदीच्या जाळीतून कुणीतरी पिवळं, काळ्या ठिपक्यांचं हळूहळू पुढे सरकलं. दाजीबानं डोळे किलकिले करून पाहिलं.

“कोण गं ती? परकर छान बसलाय हो तुला!”

बुंध्याशी बसलेल्या हौसानं मान वळवली. परकराला मिशा नसतात. ती झाडावर झेपावली, तर परकर खोडाच्या खुंटीला अडकला. आपल्या हातानं शिवलेला, दुहेरी शिवणीचा! तिनं दातात धरून तो टर्रकन फाडला आणि शेंडा गाठला. आणि रीतबीत गेली चुलीत, असं म्हणून जी ओरडली ना, “खॅक्! खॅक्! खॅक्!”, डोंगरापलीकडच्या वानरांनीसुद्धा उड्या टाकल्या. खाली परकर टराटरा फाटले. जिकडंतिकडं चिंध्या उडाल्या आणि सगळ्या सुटल्या. सखूनं पाडसाला डोक्यानं ढकलत ढकलत पार केलं. बिबट्याच्या तोंडात आली फक्त नाडी.

संध्याकाळी पुन्हा सभा. आबांचे डोळे नेहमीपेक्षा जास्त पाणावले होते. “बघितलंत? हे आपल्या योजनेचं यश!”

“सुईत दोरा ओवून नजर तयार झाली,” मयूरराव म्हणाले.

“नजर मला जन्मापासून आहे,” हौसा म्हणाली. “आता टेहळणीची जागा द्या.”

आबा खाकरले. “जागा तुझीच आहे गं पोरी. पण दाजीबा आता निवृत्त होतोय, आणि त्याचा पुतण्या, तुळशीराम, कधीचा बसून आहे. घरातली नोकरी घरात राहिली पाहिजे.”

“त्याला उंचावर चक्कर येते!”

“तो खालच्या फांदीवर बसेल. तुला आपण शिवणवर्गाची मुख्य करू.”

हौसा उठली, भर सभेतून चालत गेली आणि अर्जुनाच्या शेंड्यावर जाऊन बसली.

“खाली उतर!” आबा गरजले.

“वर या आणि उतरवा,” हौसा म्हणाली.

आबांनी झाडाला धडक दिली. झाडाला काही झालं नाही, आबांना कपाळावर टेंगूळ आलं. मयूरराव उडाले, त्यांचा पिसारा फांद्यांत गुंतला, तो सोडवायलाही हौसाच खाली वाकली. तुळशीराम दुसऱ्या फांदीवर पोचला आणि डोळे मिटून “आई गं” म्हणाला. तेवढ्यात सखू पुढे आली. तिच्या अंगावर परकर नव्हता. मागोमाग साळू आली, ससुल्या आल्या, कुणाच्याच अंगावर नव्हता.

“आबा, आम्हाला पाणी प्यायचंय,” सखू म्हणाली. “ती वर असेल तरच आम्ही पिणार. माझं एक गेलंय.”

यावर तोड सुचली ती मयूररावांना. त्यांनी जाहीर केलं, की टेहळणी तुळशीरामच करतो आणि हौसा हे पुढच्या पायरीचं प्रशिक्षण घेते आहे.

ते प्रशिक्षण अजून चालू आहे. पगाराची उंबरं तुळशीरामला मिळतात. सत्कारही त्याचाच होतो, त्या वेळी तो फांदी घट्ट धरून हार घालून घेतो. हौसा वरची कोवळी पानं खाते आणि डोंगराकडे बघत बसते. खाली सखूचं पाडस येतं, मान घालून पोटभर पाणी पितं, आणि एकदाही दचकून वर बघत नाही.

तात्पर्य : मुलींना जरूर शिकवावं. वर्ग काढावेत, फिती कापाव्यात, फोटो काढावेत. फक्त त्या जे शिकवा म्हणतात, तेवढं शिकवू नये. ते त्यांना बहुधा आधीच येत असतं, आणि एकदा का त्या वर जाऊन बसल्या, की त्यांना खाली उतरवील असा आपल्यात कुणी नसतो.